दोन हातांवरून वाचता येईल असं पाकीट

दिवाळीच्या आधी घंटाळी मैदानात किंवा नौपाड्यातल्या एखाद्या हॉलमध्ये घरगुती वस्तूंचं प्रदर्शन भरलं की मी खरेदी करण्याआधी पंधरा मिनिटं एका कोपऱ्यात उभी राहते आणि लोकांच्या नजरा बघते. लोक चालत असतात. टेबलापासून साधारण दोन हातांवरून नजर फिरते. पाकिटावरचं नाव वाचता आलं आणि आत काय आहे ते कळलं तर पाय थबकतात. नाही कळलं तर माणूस पुढच्या टेबलाकडे सरकतो. भाजणी कितीही खमंग असली तरी त्याला ते कळायला वावच उरत नाही.

मी ठाण्यात छोट्या उद्योगांसाठी लेबलं, खोकी आणि पाट्या करते. नवीन सुरुवात करणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, "ताई, लोगो करून द्याल का?" मी त्यांना आधी घरी पाठवते आणि खाली लिहिलेली कामं करून यायला सांगते. यातली निम्मी कामं वही-पेन्सिलीवर होतात, त्यांना पैसे लागत नाहीत. उदाहरण म्हणून आपण मेतकूट घेऊ. तुम्ही मेणबत्त्या, साबण किंवा हाताने बांधलेल्या वह्या करत असाल तरी क्रम हाच.

पायरी १: एक वाक्य लिहा

हे कोणासाठी आहे, ते कधी वापरतील आणि शेजारच्या पाकिटापेक्षा यात वेगळं काय, हे एका वाक्यात लिहा. "आमचं मेतकूट शुद्ध, घरगुती आणि पारंपरिक चवीचं आहे" हे वाक्य चालणार नाही. वाण्याच्या दुकानात जाऊन दहा पाकिटं वाचा, दहाहीवर हेच शब्द सापडतील. सगळ्यांनी वापरलेला शब्द गिऱ्हाइकाला ऐकूच येत नाही.

आता ही दोन वाक्यं बघा. "दात येत असलेल्या बाळाच्या मऊ भातासाठी, तिखट अजिबात नसलेलं मेतकूट." आणि "पुण्याला किंवा बंगळूरला एकट्या राहणाऱ्या मुलासाठी, भात झाला की जेवण तयार." पदार्थ एकच, पण पाकिटं दोन वेगळी होतील. पहिल्याला आई हातात घेऊन मागची बाजू नीट वाचणार, म्हणजे घटक स्पष्ट हवेत. दुसऱ्याला छोट्या पुड्या हव्यात, कारण एकटा माणूस पाव किलो मेतकूट संपवेपर्यंत त्याचा वास उडून जातो. माप, किंमत, रंग, अक्षरं हे सगळं या वाक्यातून ठरतं. वाक्य नसेल तर चर्चा "मला निळा आवडतो" आणि "सासूबाईंना लाल आवडतो" यावर अडून बसते.

पायरी २: नाव

ठाण्यात नावाचा विषय निघाला की मला मामलेदार मिसळ आठवते. मामलेदार कचेरीजवळची मिसळ म्हणून लोकांनीच ते नाव तोंडी रुळवलं. नाव चवीबद्दल काही सांगत नाही, पण जागा सांगतं, उच्चारायला सोपं आहे आणि एकदा ऐकलं की विसरत नाही. कॅम्लिनचंही तसंच आहे. १९३१ साली दांडेकर बंधूंनी सुरू केलेल्या या उद्योगाच्या नावात कॅमल आणि इंक हे दोन शब्द एकत्र आले. पोरांनी हातात धरलेल्या डब्यावरचा उंट आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे.

पाच-सहा नावं सुचली की प्रत्येकाची तपासणी करा. फोनवर एकाला नाव सांगा आणि लिहून घ्यायला लावा. दोनदा "काय म्हणालात?" आलं तर नाव सोडा. मग ते इंग्रजीत लिहून बघा. "वहिनी"मधला व व्हीने लिहायचा की डब्ल्यूने, हे एकदाच ठरवा आणि बिल, यूपीआय, इन्स्टाग्राम सगळीकडे तेच ठेवा. तीन ठिकाणी तीन स्पेलिंग असलेला उद्योग शोधणाऱ्याला सापडत नाही.

त्यानंतर भारत सरकारच्या ट्रेडमार्क विभागाच्या संकेतस्थळावर ते नाव शोधा. हा शोध फुकट आहे. वस्तू आणि सेवा मिळून एकूण ४५ वर्ग आहेत. मसाले आणि पिठं वर्ग ३० मध्ये येतात, वह्या-कागद १६ मध्ये, कपडे २५ मध्ये, साबण ३ मध्ये, मेणबत्त्या ४ मध्ये. "अन्नपूर्णा", "गृहलक्ष्मी", "स्वाद" अशी नावं मनात आली असतील तर शोधल्यावर समोर येणारी यादी बघूनच मन बदलेल. आणि "खमंग मेतकूट" असं निव्वळ वर्णन करणारं नाव नोंदवायला अवघड, कारण वर्णनाचे शब्द सगळ्यांचे असतात.

व्यक्ती किंवा छोट्या उद्योगासाठी ऑनलाइन अर्जाचं शुल्क एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. तपासणी झाली की अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो, हरकत घ्यायला लोकांना चार महिने मिळतात आणि नोंदणी झाली की ती अर्जाच्या तारखेपासून १० वर्षं चालते. नंतर नूतनीकरण. नावाशेजारी टीएम लिहायला नोंदणी लागत नाही. वर्तुळातला आर मात्र नोंदणी झाल्यावरच. अर्ज केल्याकेल्या आर छापणं नियमाविरुद्ध आहे, आणि अशी लेबलं मी अजूनही दर महिन्याला बघते.

माझा सल्ला असा: पहिल्याच दिवशी अर्जाची घाई नको, पण शोध मात्र पहिल्याच दिवशी घ्या. हजार लेबलं छापल्यावर नाव बदलावं लागणं फार महागात पडतं.

पायरी ३: अक्षरं

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मराठी पाकिटांचं सर्वात जास्त नुकसान इथेच होतं.

रुपयाचं चिन्ह आठवा. आयआयटी मुंबईत शिकलेल्या डी. उदय कुमार यांनी केलेलं हे चिन्ह २०१० साली स्वीकारलं गेलं. देवनागरीचा र आणि दांडा काढून टाकलेला रोमन आर एकाच आकारात बसवला आहे आणि वर शिरोरेषा. एवढ्या साध्या आकारात सगळा देश मावला तो शिरोरेषेच्या जोरावर. आपल्या लिपीची ही ताकद आहे, पण तिच्या गरजाही आहेत.

देवनागरीला उंची लागते. वर मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार. इंग्रजीसाठी बेतलेल्या चौकटीत मराठी नाव कोंबलं की एकतर मात्रा कापली जाते किंवा सगळा शब्द बारीक करावा लागतो. मेतकूटमधला दीर्घ ऊकार लेबलाच्या कडेला चिकटला की तो शब्द उघडा पडल्यासारखा दिसतो. दोन ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडा.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजीत सुटी सुटी अक्षरं ठेवली की रुबाबदार दिसतात. मराठीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द मोडलेल्या दाताच्या कंगव्यासारखा दिसतो. जोर द्यायचा असेल तर ठळक वजन वापरा किंवा आकार वाढवा.

फॉन्ट विकत घ्यायची सुरुवातीला गरज नाही. मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेले मुक्ता आणि बालू हे फॉन्ट फुकट मिळतात आणि व्यवसायासाठी वापरायला परवानगी आहे. मुक्ता साधा, स्वच्छ, बारीक मजकुरालाही चांगला. बालू गोलसर, जाड, लहान मुलांच्या खाऊला शोभेल असा. मराठीसाठी खास बेतलेला तिरो देवनागरी मराठी हाही फुकट आहे, त्याला पुस्तकी डौल आहे. फॉन्ट निवडताना आपला ल आणि श बघा. हिंदी वळणाचे ल आणि श मराठी नावात आले की काहीतरी परकं वाटतं, वाचणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की आपलं वळण येतं.

आता छापखान्यातली एक गोष्ट, जी मला चिवड्याच्या पाचशे लेबलांवर शिकावी लागली. मी युनिकोडमध्ये टाइप केलेली फाईल तशीच पाठवली. छापखान्यातल्या जुन्या सॉफ्टवेअरला वेलांटी कुठे बसवायची ते कळलं नाही आणि लेबलं आली "चविडा" अशी. ज्या बाईंचा तो चिवडा होता त्या माझ्यावर रागावल्या नाहीत, नुसत्या गप्प बसल्या. ती लेबलं मी माझ्या खर्चाने पुन्हा छापून दिली. तेव्हापासून कोणतीही फाईल देताना अक्षरं कर्व्ह करून देते, म्हणजे प्रत्येक अक्षराचं चित्र होतं आणि ते हलत नाही. छापखान्यातला माणूस "कर्व्ह केलंय ना?" असं विचारतो तो हाच अर्थ. मात्र कर्व्ह केल्यावर चूक सुधारता येत नाही, म्हणून मूळ फाईल वेगळी जपून ठेवा. आणि छापायला जाण्याआधी घरातल्या अशा एका माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या ज्याने ते लेबल आधी पाहिलेलं नाही.

अक्षरांचा स्वभाव ओळखायला शिकायचं असेल तर नाटकांच्या जाहिराती बघा. कमल शेडगे यांनी आयुष्यभर नाटकांची नावं हाताने रेखाटली. विनोदी नाटकाचं अक्षर वेगळं, रहस्य नाटकाचं वेगळं, ऐतिहासिक वेगळं. नाव वाचायच्या आधीच नाटकाचा सूर कळायचा. गडकरी रंगायतनवरून जाल तेव्हा पाच मिनिटं थांबून फलक बघा आणि स्वतःला विचारा, यातलं कोणतं अक्षर माझ्या मेतकुटाचं आहे? कोणतं अजिबात नाही?

मग नाव छापा, भिंतीला चिकटवा, दोन हात मागे जा आणि डोळे किंचित मिटून बघा. वाचता येतंय? नसेल तर मोठं करा. नियमाने लागणाऱ्या खुणा सोडल्या तर पाकिटाच्या पुढच्या बाजूवर फक्त तीन गोष्टी ठेवा: तुमचं नाव, पदार्थाचं नाव आणि पहिल्या पायरीतलं वेगळेपण. पदार्थाचं नाव बहुतेकदा तुमच्या नावापेक्षा मोठं असायला हवं, कारण तुम्हाला अजून कोणी ओळखत नाही पण मेतकुटाला ओळखतं. या वाक्यावर मला नेहमी वाद घालावा लागतो.

पायरी ४: मागची बाजू

खाण्याचा पदार्थ विकायचा तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, नोंदणी लागते आणि तिचा १४ आकडी क्रमांक त्यांच्या चिन्हासह लेबलवर यायला हवा. याशिवाय घटक, जास्त वजनाचा आधी या क्रमाने. शाकाहारी असल्याचा हिरव्या चौकटीतला हिरवा गोल, हा मात्र पुढच्या बाजूला नावाजवळ. निव्वळ वजन. सर्व करांसह कमाल किंमत. बनवल्याची किंवा पॅक केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, बॅच क्रमांक. बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल. पदार्थानुसार आणखीही गोष्टी येतात. मेतकुटात गहू असतो, म्हणजे "यात गहू आहे" अशी ॲलर्जीची सूचना वेगळी द्यायची.

एक किलोपेक्षा कमी मालाला दर ग्रॅमची किंमतही द्यावी लागते. समजा २०० ग्रॅमचं पाकीट १२० रुपयांना आहे, तर ६० पैसे प्रतिग्रॅम. वजनाच्या आकड्यांची किमान उंची मालाच्या वजनावर ठरते, तेव्हा छापील नमुन्यावर पट्टी धरून मिलिमीटर मोजा. पडद्यावर सगळंच मोठं दिसतं.

मराठी उद्योजकांच्या लक्षात न येणारी एक बाब: ही सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावी असा नियम आहे. मराठी त्याच्या जोडीने देता येते. म्हणून मी मागची सक्तीची माहिती इंग्रजीत घेते आणि पुढचं नाव, कृती आणि आपलं म्हणणं मराठीत. "दोन चमचे मेतकूट, एक चमचा तूप, गरम मऊ भात, चिमूटभर मीठ" ही ओळ मराठीतच गोड लागते.

तारखेची जागा रिकामी ठेवा आणि तिथे लॅमिनेशन घेऊ नका. चकचकीत लॅमिनेशनवर शिक्क्याची शाई वाळत नाही, बोट लागलं की तारीख पुसली जाते. एवढी एक चौकट विसरली तर पूर्ण गठ्ठ्यावर हाताने स्टिकर लावत बसावं लागतं.

पायरी ५: चित्र आणि रंग

पाकिटावर वारली चित्र टाकायची इच्छा पुष्कळांना होते. कारण समजतं, ही कला आपल्याच भागातली आहे. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर वेगळा होईपर्यंत डहाणू-तलासरी ठाणे जिल्ह्यातच होते. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली तेव्हाही ते ठाणे जिल्ह्यातले चित्रकार होते. पण वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे ती त्या भागाचीच असल्याची सरकारी नोंद, आहे आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती जिवंत माणसांची कला आहे. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली ती माणसं लग्नाची, पेरणीची, तारप्याच्या नाचाची गोष्ट सांगतात. इंटरनेटवरून उचललेली फेर धरलेली बाहुली मेतकुटावर चिकटवून काही साधत नाही. चित्र हवंच असेल तर वारली चित्रकाराकडून काढून घ्या, ठरलेले पैसे द्या आणि त्यांची संमती असेल तर पाकिटावर त्यांचं नाव छापा. मेतकुटाशी चित्राचा काही संबंध नसेल तर चित्र नसलेलंच बरं.

रंगाबद्दल थोडक्यात: मोबाइलवर दिसणारा झगझगीत केशरी किंवा पोपटी छपाईत उतरत नाही, कारण पडदा उजेडाने रंग दाखवतो आणि कागद शाईने. फाईल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या हिशोबाने करा, दोन रंग ठरवा आणि नमुना छापून दिवसाच्या उजेडात बघा.

पायरी ६: छपाई

पहिल्या खेपेला डिजिटल छपाई घ्या. वागळे इस्टेटमध्ये आणि स्टेशनच्या परिसरात १२ बाय १८ इंचाच्या कागदावर स्टिकर छापून मिळतात. एका कागदावर किती लेबलं बसतात ते आधी मोजा. लेबल दोन-तीन मिलिमीटरने लहान केलं की कधीकधी एका कागदावर चार लेबलं जास्त बसतात आणि तेवढा खर्च वाचतो. ऑफसेटमध्ये, म्हणजे धातूच्या प्लेटवरून होणाऱ्या मोठ्या छपाईत, प्लेटचा खर्च सुरुवातीलाच येतो, म्हणून ती हजारांच्या पुढेच परवडते. सुरुवातीला हजार छापू नका. शंभर छापा. पहिल्या शंभरांत काहीतरी बदलावंसं वाटणारच.

फाईल ३०० डीपीआय हवी, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके, चारही बाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा जास्तीचा रंग, हवं आणि महत्त्वाचा मजकूर कडेपासून आत हवा. हाफ कट सांगा, म्हणजे लेबल कापलेलं येतं पण मागचा कागद अखंड राहतो आणि सोलायला सोपं जातं. तेलकट पदार्थ असेल तर साधा क्रोमो, म्हणजे कागदी स्टिकर डाग पकडतो, तिथे व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकचा घ्या. खोकं करणार असाल तर आधी कोऱ्या कार्डाची डमी कापून, घडी घालून, आत पाकीट ठेवून बघा. डमी न बघता डाय, म्हणजे खोकं कापायचा साचा, बनवायला सांगू नका.

पाऊच जांभळी नाक्याच्या बाजारात शंभराच्या गठ्ठ्यात मिळतात. नेताना मेतकूट बरोबर न्या आणि तिथेच भरून बघा. २०० ग्रॅमचा म्हणून विकलेला पाऊच हलक्या पिठाला पुरत नाही, कारण त्यावरचा आकडा दुसऱ्याच पदार्थाच्या हिशोबाचा असतो.

हिशोब असा मांडा: पाऊच, लेबल, शिक्का, सील करायला लागणारा वेळ आणि खराब गेलेली लेबलं, हे सगळं मिळून एका पाकिटावर किती येतं? समजा १२० रुपयांच्या पाकिटाला बाहेरचं आवरणच ३० रुपयांचं झालं, तर गिऱ्हाईक मेतकुटाऐवजी कागदाचे पैसे देतंय. अशा वेळी मी सोनेरी फॉइल काढायला सांगते, पाऊचचा दर्जा नाही. पाऊच हलका घेतला की वास जातो आणि मेतकुटात वासच सगळं आहे.

पायरी ७: फोनमधलं पाकीट

आता बरीचशी विक्री व्हॉट्सॲपवर होते, तिथे पाकीट अंगठ्याच्या नखाएवढं दिसतं. खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात, पांढऱ्या किंवा मातकट कापडावर फोटो काढा. पाकिटाशेजारी वाटीत मऊ भात आणि वर मेतकूट. मग तो फोटो स्वतःलाच पाठवा आणि न उघडता यादीतूनच बघा. पदार्थाचं नाव वाचता आलं तर तिसऱ्या पायरीचं काम जमलं.

पुढे गाळा घेतलात तर पाटीचा नियम लक्षात ठेवा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात छोट्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची आहे, मराठी आधी हवी आणि इतर लिपीपेक्षा लहान नको. तुमचं नाव मराठीत नीट बसवलेलं असेल तर पाटीसाठी पुन्हा काही करावं लागणार नाही.

पायरी ८: पहिला स्टॉल

टेबलावर सगळी पाकिटं आडवी पसरू नका. मागे खोकी ठेवून उंची करा, पाकिटं उभी राहू द्या. चवीसाठी भात आणि तूप घरून न्या, मेतकूट कोरडं चाखायला देऊन कोणी विकत घेत नाही. प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे, कागदी पिशव्यांवर तुमच्या नावाचा शिक्का मारा. सुट्टे पैसे, यूपीआयचा कोड, कात्री, जास्तीची लेबलं आणि पाण्याची बाटली.

आणि एक वही. लोक जे प्रश्न विचारतील ते जसेच्या तसे लिहा, उत्तर देऊन सोडून देऊ नका. माझ्याकडे आलेल्या एका काकूंनी पहिल्या दिवशी असं लिहिलं होतं: "हे भातावरच घालायचं का?" चार वेळा. "तिखट आहे का?" सहा वेळा. "थालीपिठाची भाजणी आहे का ही?" तीन वेळा. संध्याकाळी स्टॉल आवरल्यावर त्या वही घेऊन आल्या. आम्ही पुढच्या बाजूचं "अस्सल पारंपरिक चव" काढून तिथे "तिखट नाही, मऊ भातावर तुपाबरोबर" असं घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शंभर लेबलं छापून आणली आणि दुपारी नौपाड्यातल्या हॉलमध्ये जुन्यांवर नवी चिकटवत बसलो.